पाठमोरी माणसं

आमच्या शाळेतल्या चित्रांत माणसांना तोंड नसायचं. बाजार असो, जत्रा असो, बसस्टॉप असो, नाहीतर भाताच्या लावणीला निघालेल्या बायका असोत, सगळी माणसं बघणाऱ्याकडे पाठ करून उभी. बायकांचे अंबाडे, पुरुषांच्या टोप्या, पोरांची दप्तरं आणि लांब कुठेतरी एक झाड. कुणी नवखा माणूस चित्रकलेच्या वर्गात शिरला असता तर त्याला वाटलं असतं, ही सगळी गर्दी आत्ताच काहीतरी बिनसून घरी निघाली आहे.

बिनसलं काही नव्हतं. आमच्या सरांना पाठच पसंत होती.

सर पनवेलचेच, पन्नाशीला आलेले. शर्ट नीट खोचलेला, आणि खिशाला कायम पोस्टर कलरचा एखादा डाग. शाळेला ते चित्रकलेसाठी कमी आणि बाकीच्या कामांसाठी जास्त लागायचे. फळ्यावर सुविचार लिहायचा, सर. पाहुण्यांसाठी रांगोळी काढायची, सर. संस्थेतल्या कुणाचा तरी वाढदिवस, त्याच्या बॅनरवरची सोनेरी अक्षरं, तीही सर. आठवड्याला चित्रकलेचे दोन तास असायचे, त्यातला एक गणिताच्या बाई घ्यायच्या, कारण त्यांचा पोर्शन राहिलेला असायचा. चित्रकलेचा पोर्शन कधी राहत नाही, असं शाळेत सगळ्यांचं ठाम मत होतं. सर वर्गाच्या दारापर्यंत यायचे, बाईंना बघायचे, हातातली कागदांची गुंडाळी दुसऱ्या हातात घ्यायचे आणि परत जायचे. एकदाही ते भांडले नाहीत. तेव्हा मला त्यांची कीव यायची. आता राग येतो.

कार्यानुभवाचं तर विचारूच नका. वर्षातून एकदा वस्तू करून आणायच्या. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, लोकरीचं तोरण, काचेवरचं पेंटिंग. निम्म्या वस्तू आया करायच्या आणि उरलेल्या बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळायच्या. एका वर्षी एकाच दुकानातली चार घरं प्रदर्शनाच्या टेबलावर शेजारी शेजारी लागली, आणि त्यातल्या एकाला पहिलं बक्षीस मिळालं. बाकीच्या तीन घरांच्या मालकांना वाईट वाटलं, इतकंच.

पण शाळेत एका गोष्टीला मात्र मान होता, तो म्हणजे चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरला ए मिळाला की दहावीच्या निकालात सात मार्क वाढून मिळायचे. हे सात मार्क कळल्यापासून आमच्या शाळेला कलेचं फार प्रेम आलं. परीक्षेच्या आधी दोन महिने गणिताच्या बाईसुद्धा स्वतःहून तास सोडायच्या. ज्या पोरांनी जन्मात कधी ब्रश धुतला नव्हता ती सकाळी सातला पाण्याचा डबा घेऊन हजर राहायची.

परीक्षेत चार पेपर असायचे. समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, आणि स्मरणचित्र. स्मरणचित्र म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायचं चित्र. या आठवणीसाठी सरांनी फर्मे करून ठेवले होते. लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यांतून त्यांनी माणसं कापली होती. घागरवाली, टोपलीवाली, छत्रीवाला, काठी टेकणारा म्हातारा, आणि आईचं बोट धरलेलं पोर. सगळी मागून बघितलेली. फर्मा कागदावर ठेवायचा आणि कडेनं पेन्सिल फिरवायची. घागरवाली पन्नास वेळा, टोपलीवाली पन्नास वेळा. परीक्षेला फर्मा नेता येत नाही, पण तोवर हाताला तो पाठ झालेला असतो. विषय कुठलाही येवो, हीच पाच माणसं उभी करायची. बाजार आला तर त्यांच्यापुढे भाजी, जत्रा आली तर पाळणा, बसस्टॉप आला तर एसटी.

"पाठ कधी चुकत नाही," सर सांगायचे. "तोंड काढलंत की डोळा वाकडा होणार, नाक फताडं होणार, आणि तपासणाऱ्याची नजर बरोबर तिथेच जाणार. पाठीत काय चुकणार आहे?"

खरंच होतं ते. पाठीत काही चुकत नाही.

माझं घर करंजाड्याच्या कडेला. कडेला म्हणजे आधी आम्ही होतो, करंजाड्याच्या बिल्डिंगी नंतर आमच्या कडेला येऊन बसल्या. आमची जमीन त्या बिल्डिंगींखाली गेली आणि बाबांचे दोन डंपर आले. खडी, रेती, मुरूम, ज्याला जे लागेल ते बाबा पोचवायचे. दोन मजली घर झालं, जिन्याला स्टीलचा कठडा झाला, बाबांच्या गळ्यात चेन आली. एक आई तेवढी बदलायला तयार नव्हती. ती लग्नाच्या आधीपासून पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची, आणि घराला संगमरवरी फरशी लागल्यावरही रोज सकाळी टोपली घेऊन निघायची. बोंबील, करंदी, जवळा. बाबांना हे अजिबात खपायचं नाही. बिल्डर लोकांत ऊठबस सुरू झालेली, आणि त्यातल्याच कुणाची बायको आईकडून सुकट घेऊन गेली की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"लोक काय बोलतील?" ते म्हणायचे.

"लोक बोलतील, दोन रुपये कमी कर," आई म्हणायची. "घरात बसून काय भिंती बगू?"

शाळा सुटली की मी आईच्या शेजारी जाऊन बसायचे. घरी आम्ही एकत्रच जायचो. तिथे मला दोन तास दुसरं काही काम नसायचं, म्हणून ड्रॉइंगची वही काढायचे आणि आईला काढायचे. तोंडासकट. गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं की आईची डावी भुवई वर जायची आणि खालचा ओठ आत ओढला जायचा. गिऱ्हाईक उठून चालायला लागलं की भुवई खाली यायची, पण ओठ तसाच. आणि ते परत फिरलं की गालाला एक खळी पडायची, ती तिच्या हसण्यात कधी दिसायची नाही, फक्त जिंकल्यावर दिसायची. मी नववीत येईपर्यंत ते तोंड मला न बघता काढता यायला लागलं होतं. स्मरणचित्र म्हणतात ते हेच असणार, असं मी धरून चालले होते.

आईला तिचं चित्र काढलेलं आवडायचं. शेजारच्या मावशीला ती वही दाखवायची आणि म्हणायची, "बग, भाव करताना मी कशी दिसतंय. डाकीण." आणि दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या.

आता इथे एक कबुली द्यायला हवी. बाजारात मी आईजवळ बसायचे ते शाळेतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या दप्तराला सुकटीचा वास यायचा. बाकावरच्या शहरातल्या मुली नाक मुरडून म्हणायच्या, "कुणाच्या डब्यात आहे गं?" आणि मीही त्यांच्याबरोबर नाक मुरडून इकडेतिकडे बघायचे.

सरांच्या कपाटात मुंबईच्या एका कला महाविद्यालयाचं जुनं माहितीपत्रक होतं. त्यावर एका मोठ्या वर्गाचा फोटो होता. मधोमध एक बाई खुर्चीत बसलेली आणि भोवती वीस-पंचवीस मुलं-मुली तिचं चित्र काढत असलेली. बाई समोर तोंड करून बसलेली होती. तो फोटो मी किती वेळा पाहिला असेल त्याला गणती नाही. दहावीनंतर तिथे जाता येतं, इंटर पास असावी लागते, हे त्यात लिहिलेलं होतं. मला तिथे जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

बाबांना विचारलं तेव्हा ते फोनवर कुणाशी तरी खडीवरून भांडत होते. फोन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इंटरला ए आन. मंग बगू."

मी ते वचन म्हणून घेतलं. बाबांचं 'बघू' मला लहानपणापासून माहीत होतं, सायकल, टॅब, सहल, सगळ्यांचं 'बघू' झालं होतं आणि पुढे काही झालं नव्हतं. तरीही घेतलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशातली गत.

आता ए कसा मिळतो हे विचारायला सरांकडे जाणं आलं. मी माझी वही घेऊन गेले. आईचं सगळ्यात चांगलं चित्र त्यात होतं. पुढे टोपली, टोपलीत बोंबील, मागे शेजारची मावशी, आणि मधोमध आई, भुवई वर गेलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी करून घेतलं.

सर चित्राकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. एवढा वेळ त्यांनी कुणाच्याच कागदाकडे बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ते काहीतरी मोठं बोलणार.

"कोण आहे ही?" त्यांनी विचारलं.

"बाजारातली एक बाई," मी म्हणाले.

"चांगली काढली आहेस. फार चांगली." मग त्यांनी सुस्कारा टाकला. "पण परीक्षेत असलं काढू नकोस. तिथे एकेक माणूस शेकड्यांनी कागद तपासतो. त्याला तुझी बाई कोण आहे याच्याशी काय करायचं आहे? त्याला रचना दिसली पाहिजे, रंग दिसले पाहिजेत. आण इकडे, दाखवतो."

त्यांनी खिशातला खोडरबर काढला. मी नको म्हणायला हवं होतं. मी वही पुढे केली. त्यांनी आधी भुवई खोडली, मग डोळे, मग तो आत ओढलेला ओठ. हलक्या हातानं, काळजीनं, कागद फाटणार नाही अशा बेतानं. मग त्या रिकाम्या गोलात त्यांनी चार फटकाऱ्यांत अंबाडा काढला आणि अंबाड्याभोवती गजरा. माझी आई जन्मात कधी गजरा घालून बाजारात गेली नव्हती.

"आणि टोपलीत हे काय आहे? काड्या?"

"बोंबील, सर. सुके."

"त्याला रंग काय देणार? मातकट दिसेल सगळं. टोमॅटो घाल. लाल आला की चित्र उठतं." त्यांनी कागद हातभर लांब धरून बघितला आणि वही मला परत दिली. "हां. आता ए कुठे जात नाही."

सरांना मी दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट माणूस निदान मनात काही धरून करतो. सरांनी माझ्या भल्यासाठीच केलं, आणि म्हणूनच ते मला आजवर माफ करता आलेलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी फर्मे गिरवले. पन्नास नाही, शंभर शंभर वेळा. बाजारात आईशेजारी बसूनही मी तिच्याकडे न बघता टोपलीवालीचा अंबाडा काढत राहायचे. आई एकदा वाकून बघत म्हणाली, "ही कोन?" मी म्हटलं, "परीक्षेची आहे." तिनं मान हलवली. परीक्षेचं म्हटल्यावर तिनं पुढे कधीच काही विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी स्मरणचित्राच्या विषयांत बाजार आला. सगळ्या हॉलमधून समाधानाचा एक हुंकार निघाला. मी कागद पिनांनी फळीला लावला आणि पेन्सिल हातात घेतली. काय झालं कुणास ठाऊक, हातानं आपोआप आईचं तोंड काढायला घेतलं. कपाळ, भुवई, डोळा. अगदी फिकट, पण तीच होती. माझ्या उजवीकडच्या मुलीचा अंबाडा झाला होता, डावीकडच्या मुलाचा छत्रीवाला उभा राहिला होता. मी त्या अर्ध्या तोंडाकडे बघत बसले. मला मुंबईचा तो वर्ग दिसत होता, आणि बाबांचं 'ए आन' ऐकू येत होतं.

आणि आणखी एक गोष्ट मनात आली, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मला वाटलं, हे चित्र उद्या कुठे लागलं, आणि वर्गातल्या मुलींनी ते बघितलं, आणि त्या बाजारात गेल्या, तर त्या आईला ओळखतील. मग मला ओळखतील. तेव्हा ए साठी खोडलं असं मी सगळ्यांना सांगत आले, पण खोडताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, तो ए मुळे नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी अंबाडा काढला, गजरा काढला, आणि टोपली भरून टोमॅटो काढले.

मला ए मिळाला.

बाबांनी पेढे वाटले. माझा फोटो त्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसला लागला, खाली 'माजी बाय' आणि पुढे हात जोडल्याची चार चिन्हं. शाळेनं गेटवर बॅनर लावला. अक्षरं अर्थात सरांनी काढली. परीक्षेचे कागद परत मिळत नाहीत, म्हणून ए मिळालेल्या आम्हा सगळ्यांकडून सरांनी तीच चित्रं मोठ्या कागदावर पुन्हा काढून घेतली आणि बक्षीस समारंभाच्या दिवशी ती वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात ओळीनं लावली. पालकांना बोलावणं गेलं. बाबांना कुठल्यातरी साइटवर जायचं होतं. आई येणार नाही असं मी गृहीत धरलं होतं.

ती आली. बाजारातून तडक आली. टोपली तिनं गेटवरच्या वॉचमनकडे ठेवली होती, पण वास काही टोपलीबरोबर गेटवर थांबत नाही. ती जिना चढून वर आली तेव्हा मी वर्गातल्या मुलींच्या घोळक्यात उभी होते. तिनं मला बघितलं, हात केला, आणि आधी चित्रं बघायला लागली. एकेका चित्रापुढे थांबून, हात मागे बांधून. बाजार, बाजार, बाजार. सगळे अंबाडे, सगळ्या टोप्या. शेवटच्या चित्रापर्यंत जाऊन ती परत फिरली आणि माझ्याजवळ आली.

"यात मी कोनती गो?" तिनं विचारलं.

तिला ठाऊक होतं मी बाजार काढला आहे. बाजार म्हणजे ती, असंच तिनं धरलं होतं. मी बोटानं माझं चित्र दाखवलं. ती जवळ गेली. खाली माझं नाव होतं, ते तिला वाचता यायचं.

"टमाटी? मी कवा टमाटी ईकली?"

तिचं बोट चित्रातल्या अंबाड्यावर गेलं.

"आन तोंड?"

"सर म्हणाले, तोंड काढायचं नाही."

"का? माजा तोंड वाईट हाय काय?"

ती चिडून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. पण तिचा आवाज बाजारातला, व्हरांडाभर गेला. घोळक्यातल्या मुली वळून बघायला लागल्या. त्यातल्या एकीनं नाकाला रुमाल लावला. आणि मी आईला म्हणाले, "हळू बोल ना."

एवढंच म्हणाले. आयुष्यात माणसं आईला काय काय बोलतात, त्या मानानं काहीच नाही. पण आई लगेच गप्प झाली. तिनं पदर सारखा केला, माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलींकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. ती बक्षिसाला थांबली नाही. गेटवरून टोपली डोक्यावर घेऊन ती बाजारात परत जाताना मला वरून दिसली. पाठमोरी.

त्या दिवसानंतर मी बाजारात बसणं सोडलं. क्लास लागला असं कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

दहावीचा निकाल लागला. बाबांनी खारघरच्या एका कॉलेजची सायन्सची कट-ऑफ यादी फोनवर आधीच उघडून ठेवली होती. माझे सगळे विषय धरून मी त्या यादीच्या खाली राहत होते. इंटरचे सात मार्क धरले की जवळजवळ दीड टक्का वाढत होता आणि मी यादीत बसत होते. बाबांनी दोनदा हिशेब करून बघितला आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की तो मी कधी विसरणार नाही.

"ती चित्रकला कामाला आली बग," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात, ए आण, मग बघू."

"बगू बोललेलो ना? बगितला. आता सायन्स."

म्हणजे ए आला नसता तर मी सायन्सला गेले नसते. बी आला असता तर कदाचित बाबा वैतागून म्हणाले असते, जा कुठे जायचं तिथे. मी आईचं तोंड खोडून जे मिळवलं होतं, त्यानंच माझी वाट बंद केली होती.

मी सरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही येऊन बाबांशी बोला, तुमचं ते ऐकतील. सर आले, हे त्यांचं मी नाकारणार नाही. सोफ्याच्या अगदी कडेवर बसून त्यांनी चहा घेतला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सर म्हणाले, मुलीच्या हातात कला आहे, तिला पाठवा. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "सर, तुमचा पोरगा काय शिकतो?"

सरांनी कप बशीत ठेवला. बशीचा आवाज झाला.

"इंजिनिअरिंग," ते म्हणाले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी फक्त पेढ्यांचा बॉक्स सरांपुढे सरकवला. सरांनी एक पेढा घेतला. जाताना दारात ते मला म्हणाले, "सात मार्क वाया गेले नाहीत, हेही कमी नाही." मी त्यांच्या खिशावरचा डाग बघत राहिले. त्या दिवशी तो निळा होता.

मी सायन्सला गेले, मग सिव्हिल इंजिनिअर झाले, आणि आता खारघरला एका बिल्डरच्या ऑफिसात बसते. इमारत उभी राहायच्या आधी ती कशी दिसेल याची चित्रं कॉम्प्युटरवर करायची, हे माझं काम. घरी सगळ्यांना वाटतं, चला, शेवटी चित्रकलेतच आली. इमारत झाली, झाडं झाली, की खाली थोडी माणसं टाकायची असतात. ती तयार मिळतात. हातात हात घालून चाललेलं जोडपं, बॅग लावलेला तरुण, बाबागाडी ढकलणारी बाई. सगळी इमारतीकडे तोंड करून, म्हणजे आपल्याकडे पाठ करून. पहिल्या दिवशी मी विचारलं, समोरून चालत येणारी माणसं नाहीत का? साहेब म्हणाले, चेहरा दिसला की गिऱ्हाईक चेहरा बघतं, फ्लॅट बघत नाही. मी मान हलवली. हा धडा माझा नववीतच झाला होता.

गेल्या वर्षी आईचे गुडघे गेले आणि बाजार सुटला. बाबा खूश झाले, तसं त्यांनी दाखवलं नाही. आई आता दिवसभर त्या संगमरवरी फरशीवर खुर्ची टाकून बसते आणि खरोखरच भिंती बघते. एका रविवारी दुपारी बाबा बाहेर गेलेले, घरात आम्ही दोघीच. आई अचानक म्हणाली, "पैले तू माजा काडायचीस बाजारात. आता काड ना. आता मी हलत पन नाय."

मी कागद शोधला, पेन्सिलला टोक केलं. ती समोर बसली. पदर सारखा केला, मान जरा वर केली, आणि माझ्याकडे बघायला लागली. मी लांबट गोल काढला. मग डाव्या भुवईपाशी आले आणि हात थांबला. मी तिच्याकडे बघत होते, भुवई समोर होती, पण हाताला ती सापडेना. डोळा काढला, तो कुणाचाही होता. खोडला. पुन्हा काढला, पुन्हा खोडला. ओठांपाशी तर मी पोचलेच नाही. जे तोंड मला एके काळी न बघता यायचं, ते आता बघूनही येत नव्हतं. कागद खोडून खोडून मळला.

आई किती तरी वेळ न हलता बसली. मग तिला कळलं. तिला माझं सगळं कळतं, ते तसं कळू नये असं मला फार वाटतं. ती खुर्चीच्या हातावर भार देऊन उठली, एका हातानं गुडघा धरला, आणि दुसऱ्या हातानं खुर्ची भिंतीकडे फिरवली. परत बसली. माझ्याकडे पाठ करून. मानेवरचे केस सारखे केले आणि अंबाडा नीट बांधला.

"अशी बसू काय?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तुला जमतं तसा काड."

टोमणा नव्हता तो. तिला माझी मदत करायची होती.

मी नवा कागद घेतला आणि काढलं. दहा मिनिटं लागली, आणि एकदाही खोडावं लागलं नाही.